शेवटून दुसऱ्या तुकड्यावर जोर

अहो,

तुमच्या हातात इष्टलिंग आहे की नाही, हे मला माहीत नाही. तुम्हाला माती देऊन आठवडा व्हायचाय अजून, आणि माझ्या डोक्यात याच्याशिवाय दुसरं काही येत नाही. बाया येतात, भिंतीला टेकून बसतात, तुम्ही किती शांत माणूस होता ते मलाच सांगतात. मी मान हलवते. शांत कसले? एकेका शब्दावरून तुम्ही माझ्याशी जेवढं भांडलात, तेवढं माकणीत कुणी बांधावरून भांडलं नसेल.

लिहायला बसले, कारण बोलायला कुणी नाही. तुमच्या आईंशी बोलावं तर त्या एकच गोष्ट विचारतात, आणि तिचं उत्तर मी त्यांना देऊन बसलेय. ते खरं की खोटं, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तर आता काही सांगत नाही.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. जन्मभर गळ्यात वागवलेलं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, कपाळाला विभूती, अंगावर बेल, आणि मग माती. तुम्ही आलात हैद्राबादच्या विमानतळावरून, ॲम्ब्युलन्समधून, जस्ताच्या पेटीत, निजलेले. पेटी उघडू नये असा कागद वरच चिकटवलेला. स्वामी आले, पेटीभोवती फिरले, म्हणाले, "देह बसला काय, निजला काय, शिवाला त्याचं काय न्हाय. पर लिंग हातात पायजे." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. जसं काही मीच तुम्हाला पेटीत घालून पाठवलं होतं.

पोलंड हे नाव आपल्या घरात पहिल्यांदा निघालं तेव्हा तुमच्या आईंनी विचारलं होतं, "लोहाऱ्याहून गाडी हाय का तिकडं?" तुम्ही हसला नाहीत. विनाअनुदानित शाळेत मराठी शिकवता शिकवता, अनुदान येणार येणार म्हणता म्हणता, तुमचं हसू कमी झालं होतं. मग तो एजंट भेटला, त्याच्याच ऑफिसात परंड्याचे सलीमभाई भेटले, आणि तुम्ही दोघं एकाच विमानानं गेलात. मराठीचे सर गारठवलेल्या भाज्यांच्या कारखान्यात. वाटाणे, गाजराचे तुकडे, फ्लॉवर. "अगं, पट्ट्यावरनं दिवसभर वाटाणेच वाटाणे येतात," तुम्ही सांगितलंत, "डोळे मिटले तरी हिरवंच दिसतं."

तिथं माणसाला चालायचं तर भाषा लागते. दुसरे लोक हातवाऱ्यांवर भागवायचे. तुम्हाला ते जमणारं नव्हतं. पहिल्या महिन्यातच तुमचे आवाजाचे निरोप यायला लागले. "ऐक, आज एक शब्द सापडलाय." सापडलाय! जसं काही शेतात नांगराला हंडा लागलाय.

सुट्टीच्या दिवशी फोन करून तुम्ही शिकवायचा आणि मी शिलाई मशीनवर बसून शिकायची. एका हातानं कापड सरकवत. तुम्ही सांगायचा, की पोलिश शब्द दिसायला काटेरी कुंपणासारखा असतो पण फोडला की सरळ होतो. फोडायचा नियम काय, तर जोडशब्द जिथं जोडलाय तिथंच फोडायचा. "देवघर म्हणताना आपण देव म्हणतो, मग घर म्हणतो. दे-वघर म्हणतो का?" मी म्हटलं, तुमची पुतणी म्हणते. तुम्ही म्हणालात, ती तीन वर्षांची आहे.

मग जोर. आपल्या मराठीत म्हणे शब्दावर असा ठरलेला जोर नसतो, आपण सगळी अक्षरं एका ओळीत मांडतो. "आपल्याकडं जोर रागावल्यावरच येतो," तुम्ही म्हणालात, "त्या हिशेबानं तू पोलिश लवकर शिकशील." पोलिशमध्ये जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. शब्द लांबला की जोर सरकतो, पण बसतो तिथंच, शेवटून दुसऱ्यावर. आणि शब्द फारच लांब असला, दोन-तीन शब्द मिळून झालेला असला, तर पहिल्या तुकड्यावरही जरासा. "सोयाबीनचं पोतं दोघांनी उचलताना कसं, पुढचा नुसता हात लावतो आणि मागचा वजन उचलतो. तसं." हे तुम्ही मला शिकवलंत आणि मी ते बाहीची शिलाई घालताना म्हणत बसायची. आपली गौरी शाळेतून आली की टाळ्या वाजवून म्हणायची. तिला तर खेळच मिळाला.

तुम्ही मला शिकवलेला सगळ्यात लांब शब्द तुमच्या वयाचा होता. तिथं वय सांगायचं तर आकडा आणि वर्ष मिळून एकच शब्द करतात. अडतीस वर्षांचा. त्शी-ज्ये-स्तो-ओश्-म्यो-लेत्-नी. मी सात दिवस घेतले असते, तुम्ही माझ्याकडून एका दुपारी पाठ करून घेतलात. पहिल्या 'त्शी'ला हलका हात आणि 'लेत्'वर सगळं वजन. मी विचारलं, हा लेत् म्हणजे काय? तुम्ही इतके खूश झालात, की मला वाटलं तुम्हाला पगारवाढच झाली. "वर्ष! लेत् म्हणजे वर्ष. बघ, जोर बरोब्बर अर्थावर पडतो. आकड्यावर नाही पडत, वर्षावर पडतो."

तिथून आपलं भांडण सुरू झालं. ते अजून संपलेलं नाही.

तुमचं म्हणणं, जोर आपोआप अर्थाच्या जागी जातो. तुम्ही पुरावे आणायचा. परदेशी बाईला तिथं म्हणतात त्सु-द्झो-झ्येम्-का. त्सुद्झो म्हणजे दुसऱ्याचं आणि झ्येम् म्हणजे जमीन. दुसऱ्याच्या जमिनीतून आलेली. जोर कुठं? झ्येम्‌वर, जमिनीवर. "पटलं?" मला मुळीच पटलं नव्हतं. मी ब्लाऊज शिवणारी बाई. पुढून हुकाचा ब्लाऊज असला की खालून दुसरा हुकच आधी तुटतो. गावातल्या कुठल्याही बाईला विचारा. त्या हुकाला काही अर्थ असतो का? तो तिथं आहे म्हणून त्याच्यावर ताण येतो. बास. तुमचा लेत् आणि तुमचा झ्येम् शेवटून दुसरे निघाले हा योगायोग. तुम्ही म्हणालात, "तुला कवितेचं काही वाटतच नाही." मी म्हटलं, वाटतं, पण गिऱ्हाईक हुक तुटला की कविता ऐकत नाही.

तुमच्याशी भांडायला मला फार आवडायचं, हे तुम्हाला कळलं होतं का हो? मी सांगितलं नाही. तुम्ही फोन ठेवला की मी मशीनवर तशीच बसायची आणि पुढच्या वेळी काय बोलायचं ते जुळवत राहायची.

लग्न होऊन ढोकीहून माकणीला आले तेव्हा तुमच्या घरात सगळे आपसात कानडी बोलायचे. मला कानडीचं एक अक्षर येत नव्हतं. चुलीपाशी सगळ्या हसायच्या आणि मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची, माझ्यावरच हसतात असं वाटून. तेव्हाही तुम्हीच मला शिकवलं होतं. मीठ म्हणजे उप्पु, पाणी म्हणजे नीरु, आणि आई चिडल्या की काय म्हणायचं तेही. एकदा परसात माझ्याजवळ बसून तुम्ही म्हणालात, "हळूहळू येईल. मला घाई न्हाय." दुसऱ्याच्या जमिनीतून आलेली बाई मी तेव्हाच झाले होते. पोलंडला कशाला जायला पाहिजे होतं? पण तुमच्या त्या एका वाक्यावर मी या घरात राहिले. हेही सांगायचं राहून गेलं.

तुम्हाला हरवायला मला एक शब्द सापडला तो व्हिसाच्या कागदावर. मला आणि गौरीला तिकडं न्यायचं तुमच्या डोक्यात होतं, माझ्या नव्हतं, पण कागद तेवढे मागवले होते. त्यात होता, द्वू-गो-तेर्-मी-नो-वी. लांब मुदतीचा. मी फोडला, शेवटून दुसरा मोजला आणि तुम्हाला फोन करायची वाटच बघत बसले. द्वूगो म्हणजे लांब, तेर्मिन म्हणजे मुदत, आणि जोर पडतो 'नो'वर. आता या 'नो'चा अर्थ सांगा! काही अर्थ नाही, शेपूट आहे नुसतं. मला तुमच्या मागं त्या खोलीतल्या हीटरचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणालात, "थांब. बघून सांगतो."

बघून सांगतो म्हणालात, आणि सांगितलं नाही. तो आपला शेवटचा फोन.

आपलं दुसरं भांडण लिंगाचं होतं. कारखान्यात गळ्यात काही घालू देत नाहीत, दोरा मशीनमध्ये अडकतो, हे तुम्ही गेल्या गेल्याच सांगितलं होतं. मी भडकले होते. म्हटलं, लिंगाशिवाय तोंडात पाणी घेऊ नये असं लहानपणापासून शिकलोय, आणि तुम्ही वाटाण्यासाठी ते उतरवून ठेवणार? तुम्ही म्हणालात, "उतरवत न्हाय गं. खिशात ठेवतो. कायम अंगावरच असतं." चांदीची डबी तर तुम्ही इथंच ठेवून गेला होता, विमानतळावर विचारतील म्हणून. तिकडं नुसतं लिंग आणि दोरा. मी दर फोनला विचारायची, "खिशात हाय न्हवं?" आणि तुम्ही म्हणायचा, "हाय, हाय."

मग सलीमभाईंचा फोन आला. त्यांना सुरुवातीलाच कारखान्याच्या दुसऱ्या गावच्या शाखेत हलवलं होतं, त्यांनाही ते दुसऱ्याकडूनच कळलं होतं. "वैनी, भाई गेले. कामावरच पडले, पट्ट्यापाशी. उठलेच न्हाईत." मी म्हटलं, कोण भाई? मला खरंच कळलं नाही. घरातलं कुणी तुम्हाला भाई म्हणत नाही. ते बिचारे रडत होते आणि मी विचारत होते, कोणते भाई.

पहिला दिवस कसा गेला ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी तुमच्या आईंनी विचारलं, "लिंग कुठं हाय त्याचं?" चांदीच्या डबीतलं असतं तर कुणीही म्हणालं असतं, दागिना आहे, नीट ठेवा. पण काळं, गुळगुळीत, सुपारीएवढं. तुम्हाला नेलं त्या दवाखान्यातल्या माणसाला ते खिशात सापडलं तर तो काय समजणार? खडा समजणार. टाकून देणार. पोलंडच्या कुठल्या तरी कचऱ्याच्या डब्यात तुमचा देव, आणि तुम्ही रिकाम्या हातानं.

सलीमभाई रजा टाकून त्या दवाखान्यात गेले. त्यांना आत सोडलं नाही, नातेवाईक पाहिजे म्हणाले. एजंटला फोन केला तर म्हणाला, "ताई, सामान सगळं येतंय, टेन्शन घेऊ नका." मोबाईलमधल्या भाषांतराच्या ॲपला विचारलं, तर त्यानं इष्टलिंगाचं जे काही केलं ते तुमच्या आईंसमोर वाचायची सोय नव्हती. मग सलीमभाईंनी नंबर दिला आणि म्हणाले, "वैनी, तिथल्या बाईला फकस्त पोलिश येतं. तुमीच बोला. भाई म्हनायचे, माझ्यापेक्षा हिला लवकर येतंय."

असं म्हणायचा तुम्ही? मला तर म्हणायचा, कवितेचं काही वाटत नाही.

मी मशीनवरच बसून फोन लावला. दुपार कलली होती, तिकडं सकाळ असणार. बाईंचा आवाज आला. मी म्हटलं, प्रोशे पानी. अहो बाई. मुय मोंश. माझे मालक. पुढं मला काही येईना. सगळे शब्द डोक्यात होते आणि तोंडात एक नाही. त्या काहीतरी विचारत होत्या, भराभर, मग थोडं हळू. शेवटी मी तुमचं नाव घेतलं.

उखाण्याशिवाय तुमचं नाव मी आजवर घेतलं नव्हतं. ते घेतलं एका परक्या बाईपाशी, फोनवर, मोठ्यानं. शिवशरणप्पा. त्या म्हणाल्या, शिवशारा-नाप्पा? 'नाप्'वर सगळा जोर देऊन. कारखान्यात सगळे तुम्हाला तसंच म्हणतात, असं तुम्ही हसत सांगितलं होतं, की माझं नाव ऐकून पोलिश माणूस खूश होतो, त्याच्या भाषेतलंच वाटतं त्याला. तसंच म्हणाल्या त्या. मला वाटलं त्या तुम्हाला ओळखतात. मला वाटलं तुम्ही त्यांच्या शेजारीच उभे आहात आणि आता फोन घ्याल.

खात्री करायला त्यांनी वय विचारलं असावं. मी म्हटलं, त्शी-ज्ये-स्तो-ओश्-म्यो-लेत्-नी. अडखळले नाही. पहिल्याला हलका हात, लेत्‌वर वजन. पलीकडं बाई माझ्याशी नीट, सावकाश बोलायला लागल्या. एवढा लांब शब्द आला म्हणजे हिला सगळंच येतं असं त्यांना वाटलं की काय, कुणास ठाऊक. पुढच्या महिन्यात तुम्हाला एकोणचाळिसावं संपलं असतं... नाही, चुकले, लागलं असतं की संपलं असतं, मला आता हिशेब जमत नाही. तुम्ही नवा शब्द शिकवणार होता. तो याच्यापेक्षा लांब आहे म्हणाला होता. आता तुमचा शब्द तेवढाच राहणार आहे, आणि माझा मात्र दरवर्षी बदलणार. मी कशाला बदलू तो? कुणापुढं म्हणू?

लिंगाला पोलिशमध्ये काय म्हणतात, हे आपण कधी बोललोच नव्हतो. मी म्हटलं, मावी चार्नी काम्येन. लहान काळा दगड. खिशात. बाई म्हणाल्या, काम्येन? मी म्हटलं, हो, काम्येन. आणि मग मला राहवलं नाही. जन्मात पहिल्यांदा मी लिंगाला दगड म्हटलं होतं. मी ओरडलेच असेन. तो न्ये काम्येन. तो बूक. तो दगड नाही. तो देव आहे.

मला वाटलं फोन कटला. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, स्प्राव्द्झे. तेवढा मला येत होता. बघते.

बघते म्हणाल्या. तुम्हीही बघून सांगतो म्हणाला होता.

त्यांचा फोन आला नाही. मी लावला, तर आधी कुणी उचलला नाही आणि मग यंत्रातला आवाज यायला लागला. तेवढ्यात कागद झाले, पेटी निघाली, पेटी आली. पेटीबरोबर एक बंद पाकीट होतं. त्यात तुमचं घड्याळ, मोबाईल, लग्नातली अंगठी. लिंग नव्हतं.

मी पाकीट झटकलं, उलटं केलं, परत झटकलं. मग पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की नाही म्हणजे चांगलंच आहे. बाईंनी बघितलं असेल. सापडलं असेल. देव आहे म्हटल्यावर त्यांनी ते सामानात टाकलं नसेल, तुमच्या हातात दिलं असेल. त्यांच्याकडंही माणसाला हातात देवाची माळ देऊन पुरतात, तुम्हीच एकदा सांगितलं होतं. म्हणजे एक तर ते तुमच्या हातात आहे, नाही तर कुठंच नाही. यातलं दुसरं मला धरवेना.

शेतात खड्डा खणून तयार होता. बसवायचा नसल्यानं लांबट खणला होता, ते बघूनच तुमच्या आईंना चक्कर आली. शुद्धीवर आल्यावर त्यांनी माझा हात धरला, घरच्या कानडीत विचारलं, "लिंगा कैयाग अदेनू?" हातात लिंग आहे का? स्वामी थांबले होते. माती घेऊन उभी असलेली माणसं थांबली होती. मी म्हटलं, "अद." आहे.

स्वामींनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. तुमच्या आईंनी माझा हात सोडला आणि पेटीवर बेल वाहिला. त्या रडल्या नाहीत, त्यांना बरंच वाटलेलं दिसलं. मी त्यांना तेवढं दिलं, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतेय. पण माती पडायला लागली तेव्हा मला खड्ड्यात उडी मारून पत्रा नखांनी उचकटावासा वाटत होता. शिवाची शपथ. बायांनी धरलं नसतं तर मी मारलीही असती.

तुम्ही बरोबर होता असं म्हणायला मी आज तयार आहे. जोर अर्थावरच पडतो. घ्या, हरले. तुम्ही एकदा बोला तर खरं. त्या 'नो'चा काय तो अर्थ लावा, कसलाही लावा, मी वाद घालणार नाही. पण नाही, मी खोटं बोलतेय, तुम्ही बोललात तर मी घालीनच.

इथवर लिहिलं आणि सलीमभाईंचा फोन आला.

"वैनी," ते म्हणाले, "भाईंचं कारखान्यातलं कपाट आज उघडलं. मला बोलावलं व्हतं. तुमचा द्येव माझ्याकडं हाय."

त्यांनाही सगळं आजच तिथल्या माणसांकडून कळलं होतं, ते सांगत राहिले. खायच्या मालाचा कारखाना, खिशात टाचणी ठेवायला परवानगी नाही, काळा दगड कुठला. पहिल्या आठवड्यातच तुम्हाला पकडलं होतं म्हणे. तेव्हापासून तुम्ही रोज पाळीच्या आधी कपाटापाशी उभं राहून लिंग तळहातावर घ्यायचा, डोळे मिटून जरा थांबायचा आणि रुमालात गुंडाळून आत ठेवायचा. सुटल्यावर आधी ते गळ्यात, मग कोट. मागच्या रांगेतली माणसं तेवढा वेळ थांबायची. "त्यास्नी म्हनले व्हते, सलीमला सांगू नका, त्यो हिला सांगंल. जिवाला लावून घेती."

म्हणजे 'हाय, हाय' म्हणायचा ते खोटं होतं. तुम्ही मला खोटं सांगितलं आणि मी तुमच्या आईंना. दोघांनीही समोरच्याला झोप लागावी म्हणून. आणि तुम्ही, शब्दांना जिवापाड जपणारे, दर फोनला तो एवढासा शब्द कसा उच्चारत होता हो? मला कसं ऐकू आलं नाही?

सलीमभाई म्हणाले, "वैनी, म्या हात लावला तर चालतं न्हवं? दुसरं कुनी न्हवतंच उचलाया." मी कसंबसं म्हटलं, तुमच्यापाशीच ठेवा, दुसऱ्या कुणाला देऊ नका. ते म्हणाले, "उशापाशी ठिवतो. हात धुऊन मगच धरतो, काळजी करू नगा." मग दोघंही फोन धरून तसेच बसलो. ठेवायचा कुणी ते कळेना.

आतून तुमच्या आईंनी विचारलं, "कुनाचा फोन?" मी म्हटलं, सलीमभाईंचा. "बरा हाय का?" म्हटलं, बरे आहेत. त्या म्हणाल्या, "त्याला म्हनावं, जेवत जा वेळेवर. आमचं पोरगं तर गेलं, पर देव हातात घिऊन गेलं." आणि माळ ओढायला लागल्या.

सलीमभाईंना रजा कधी मिळेल ते त्यांनाही माहीत नाही. मिळाली की ते आधी माकणीला येणार आहेत, मग परंड्याला. मी स्वामींना सांगणार नाही, आईंना सांगणार नाही. एकटी शेतात येईन. तुमच्या डाव्या अंगाला बसून हातानं उकरीन, पत्रा लागेपर्यंत. मग काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण येईन. तोवर माझं एवढं एक ऐका, यावरून भांडू नका. मूठ मिटू नका.